ताकासारखं तेल, बुडालेली चिंच आणि अण्णांची अट

मुळा धरणाला जायचं असेल तर पावसाळा सरल्यावर जा, भरपेट खाऊन जा, आणि मोटारबोटीत बसण्याआधी तिच्या गिअरमधलं तेल कोणत्या रंगाचं आहे ते विचारा. पहिल्या दोन सूचना तुम्हाला कोणीही देईल. तिसरी माझी. त्र्याहत्तर साली, दिवाळी झाल्यावर, माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्या तेलात अडकलं होतं.

आमचं घर नगरला. आता जिल्ह्याचं नाव बदललं आहे, पण त्या वेळी ते नगर होतं, म्हणून इथे नगरच लिहिते. मी बी.एस्सी. होऊन मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. कडक बाई म्हणून माझा लौकिक होता आणि तो मी मेहनतीने कमावला होता. आई नव्हती, त्यामुळे सुमनसाठी स्थळं पाहण्याचं काम माझ्यावर आणि अण्णांवर. अण्णा म्हणजे आमचे वडील. उभी हयात तालुका कचेरीत काढून निवृत्त झालेले. नियमात बसत नसेल तर ते शिंकही दाबून ठेवत.

सुमनने बऱ्याच स्थळांना नाकं मुरडली. मग दत्तात्रय आला. शेतकीचा पदवीधर, घरची मोसंबीची बाग. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं, नवं गाव पलीकडच्या काठावर वसलेलं. पोहे खाता खाता त्याने सुमनला विचारलं, "पोहता येतं का?"

"नाही," सुमन म्हणाली. "शिकवाल का?"

दाराआड मी कपाळाला हात लावला. अण्णा खोकले आणि त्यांनी विषय बदलला. "तुमच्या गावाला रस्ता कुठून?"

"रस्ता धरणात गेला, मामा. वळसा घालून बैलगाडीची वाट आहे, पण तिला अर्धा दिवस जातो. म्हणून मी बोटीला मोटर बसवलीय. पाण्यावरनं सरळ!"

"मामा कोणाचा? अजून काही ठरलेलं नाही," अण्णा म्हणाले. "ज्या गावाला रस्ता नाही त्या गावात मी मुलगी देत नसतो. पण तुम्ही म्हणता रस्ता आहे, तर मी पाहीन. तुमच्या मोटारबोटीने पलीकडे जाईन आणि तिनेच परत येईन. मध्ये कुठे वल्हं लागलं, तर सोयरीक तिथेच संपली."

दत्तात्रयाने आनंदाने मान डोलावली. तेवढ्या आनंदाने कोणी मान डोलावली की मला संशय येतो.

निघायच्या दिवशी पहाटे सुमन माझ्या कानाशी लागली. "ताई, अण्णा बोटीत बसायला घाबरले तर?"

"तर मी समजावीन."

"समजावू नकोस. ढकल."

आम्ही स्कूटरवरून निघालो. माझ्या स्कूटरवरून. तिचा नंबर लागायला मी इतकी वर्षं थांबले होते की मधल्या काळात दोन मुलगे मला नाकारून गेले आणि मला काही वाटलं नाही. स्कूटर दारात उभी राहिली तेव्हा मात्र मी रडले. दसऱ्याला तिची पूजा केली होती. झेंडूचा हार वाळून हँडलवर खडखडत होता, पण काढवत नव्हता. मागे अण्णा: काळा कोट, टोपी, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हाताने सीट घट्ट धरलेली. दिल्ली दरवाज्याबाहेर लोक वळून वळून बघत होते. बाई स्कूटर चालवते आणि बाप मागे बसतो, हे नगरला नवीन होतं. अण्णा त्या प्रत्येकाकडे असे बघायचे, जणू त्याचा अर्ज त्यांनीच फेटाळला आहे.

नागापूरला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. तिथवर गार वारा, पुढे विळदचा घाट. घाट म्हणजे उतारच, पण समोर एकदम मोकळं होतं आणि खाली हिरवं दिसायला लागतं. आदल्या वर्षीच्या दुष्काळानंतर ते हिरवं पाहून मला इतकं बरं वाटलं की मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

"कोणासाठी वाजवलास?" अण्णा ओरडले.

"स्वतःसाठी!"

"नियमात नाही!"

पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. कारखाना सुरू झालेला, त्यामुळे रस्ताभर उसाचा पाला आणि गोडसर वास. तुम्ही आज गेलात तरी हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भेटतीलच. त्यांच्या मागे राहू नका, ऊस सांडतो. राहुरीला थांबून आम्ही भजी खाल्ली, वर चहा. भजी इतकी तिखट होती की अण्णांनी टोपी काढली. दोघांचं मिळून रुपयाच्या आत भागलं आणि चांगलं भागलं. मुख्य रस्ता सोडून धरणाकडे वळलो तसा डांबराचा भरवसा संपला. अण्णा पेढे छातीशी धरून बसले. शेवटचा चढ चढलो आणि समोर पाणी आलं.

मी स्कूटर बंद केली. अण्णा उतरले नाहीत. ते मिरजगावचे. कर्जतच्या कोरड्या रानात वाढलेले. त्यांच्या लहानपणी विहिरीत घागर सोडली की ती तळाला लागून वाजायची. एवढं पाणी त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"एवढं सगळं एकाच ठिकाणी कशाला?" ते हळूच म्हणाले.

तेव्हा मला कळलं की अट रस्त्याची नव्हती. अण्णांना पाण्याची भीती वाटत होती. पण कचेरीतला माणूस भीतीलासुद्धा कलम लावून ठेवतो.

काठावर दत्तात्रय उभा होता. त्याची आई राधाबाई पाहुण्यांना घ्यायला खास अलीकडे आल्या होत्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, कडेवर भाकरीचं गाठोडं. बोट चांगली रुंद, लाकडी, दहा माणसं सहज बसतील अशी. मागच्या फळीला ती मोटर अडकवलेली. वर डोक्याएवढं इंजिन, खाली लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात गिअरची डबी आणि तिच्यामागे पंखा. दत्तात्रयाने ती मुंबईहून जुनीच आणली होती.

"बसा पाव्हनं," राधाबाई म्हणाल्या. "लई झ्याक पळती. दसऱ्याला मीच पूजा केलीया तिची."

अण्णांना ढकलावं लागलं नाही. ते बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "चालू करा."

दोरी ओढल्याबरोबर मोटर गरजली आणि बोट अशी निघाली की माझा पदर मागे सरळ रेषेत उभा राहिला. मी हसायला लागले आणि मला थांबताच येईना. पाणी दोन्ही बाजूंना फाटत होतं, तुषार चष्म्यावर येत होते, राधाबाई "हाय का न्हाई! हाय का न्हाई!" म्हणून माझ्या पाठीवर थापा मारत होत्या. अण्णांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

आणि खालून दळल्यासारखा आवाज आला. खर्र, खर्र, जात्यात खडा आल्यासारखा. दत्तात्रयाने लगेच मोटर बंद केली.

बोट आपली आपण थोडी पुढे गेली. पाण्यातून एका वठलेल्या झाडाचा शेंडा वर आला होता, दत्तात्रयाने हात लांब करून त्याची फांदी धरली आणि दोर बांधला. चहूकडे पाणी, मध्ये आम्ही चौघं, फांदीवर एक पाणकावळा.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं. त्यांनीही फांदी धरली होती. बोटं पांढरी पडली होती.

"गिअर ओरडतोय. तेलात पाणी शिरतंय कुठनं तरी," दत्तात्रय म्हणाला. "दसऱ्यापासनं हेच चाललंय. दोनदा तेल बदललं. कालही नवं भरलं, म्हटलं आजचा दिवस निघेल."

"पण चालत तर होती."

"चालली असती अजून. पलीकडं पोचलोही असतो. पण येताना दात तुटले असते आणि तुम्ही मधोमध अडकला असता. तसं नको."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. ही बाब त्यांनी नोंदवून घेतली, हे मी ओळखलं. पण तोंडाने ते म्हणाले, "म्हणजे आता वल्हं. झालं तर मग. संपलं."

राधाबाईंनी गाठोडं घट्ट धरलं. दत्तात्रय फांदीवर हात फिरवत होता.

"ही आमच्या चावडीपुढची चिंच," तो उगीचच म्हणाला. "हिच्यावरनं पडून माझा हात मोडला होता. आता आपण सगळे हिच्या शेंड्याला बसलोय."

"तवा उतरत नव्हतास," राधाबाई म्हणाल्या, "आन आता उतरवत न्हाई." आणि त्या परिस्थितीत आम्ही तिघं हसलो. अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी फांदीवरची पकड जरा सैल केली.

थोड्या वेळाने लक्ष्मण भोई मासे धरून येताना दिसला. त्याने आपल्या होडीला आमचा दोर बांधला आणि वल्हवत आम्हाला परत अलीकडच्या काठाला आणून सोडलं. सबंध वाटेत अण्णा वल्ह्याचा आवाज ऐकत होते.

काठावर उतरल्याबरोबर ते माझ्याकडे वळले. "शके, स्कूटर काढ."

तेवढ्यात राधाबाई आडव्या आल्या. "पाव्हनं, एक इचारू? तुमची अट काय हुती?"

"मोटारबोटीने जायचं आणि यायचं. मध्ये वल्हं नाही."

"मंग तुमी गेलाच कुठं? चिंचंपातूर जाऊन म्हागारी आलाव. गेल्याबिगर अट मोडली कशी?"

मुद्दा कायद्याचा होता. अण्णांना भाकरीपेक्षा मुद्दा प्रिय. ते टोपी काढून विचार करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मान्य. फेरी सुरूच झाली नाही असं धरू. पण दिवस मावळायच्या आत."

मी पदर खोचला. वर्गात खोचते तसा.

"दत्तात्रय, मोटर काढा आणि तेल बाहेर काढा."

डबीला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. खालचा काढला की तेल येतं, वरचा काढला की हवा आत जाऊन ते नीट वाहतं. आम्ही मोटर एका दगडाला टेकवून उभी केली, खाली पातेलं धरलं. जे आलं ते तेल नव्हतंच. पांढरं, फेसाळ, दाट ताक.

"कालचं तेल सोन्यासारखं होतं," दत्तात्रय हताशपणे म्हणाला. "मला वाटतं दुकानदारच पाणी घालतो."

"घालनारच," राधाबाई म्हणाल्या. "दुधात घालत्यात, तर तेलात घालाया काय धाड भरलीया?"

"वाटण्यावर विज्ञान चालत नाही," मी म्हटलं. "चूल पेटवा."

तीन दगड, चार काटक्या, लोखंडी पळी. आधी पळीत पातेल्यातलं पांढरं तेल घेतलं आणि धरलं विस्तवावर. मोहरी तडतडावी तसं ते तडतडलं, राधाबाई चार पावलं मागे सरल्या. मग पळी पुसून बोटीतल्या डब्यात उरलेलं नवं तेल तापवलं. ते गप्प. धुरकटलं, पण हूं की चूं नाही.

"दुकानदार निर्दोष," अण्णा दगडावर बसून म्हणाले. त्यांना यात रस वाटू लागला होता. "पुढचा साक्षीदार?"

पुढचे साक्षीदार म्हणजे स्क्रूंखालच्या चकत्या, वॉशर. एक मूळची होती, दुसरी हरवल्यामुळे दत्तात्रयाने हातपंपाच्या चामड्यातून कापून बसवलेली. मला खात्री होती की चोर हीच. चांगली फुगलेली, तेलकट, संशयास्पद चकती. मी तसं जाहीरही केलं. पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे, हे मी मुलींना रोज सांगायची. म्हणून पंक्चर काढतात तसं करून पाहायचं ठरवलं. धरणावरच्या चौकीदाराच्या सायकलचा पंप आणला. खालचा स्क्रू चामड्याच्या चकतीसकट घट्ट बसवला, वरच्या भोकात रबराची नळी चिंधी गुंडाळून दाबून धरली, डबी पाण्याच्या अर्ध्या पिंपात बुडवली आणि दत्तात्रयाला म्हटलं, "मारा हवा. हळू."

आम्ही पाचही जण पिंपावर वाकलो. लक्ष्मण भोईसुद्धा मासे विसरून आला होता.

चामड्याच्या चकतीतून एक बुडबुडा आला नाही. मला जरा रागच आला.

"मागं बघा, ताई! पंख्याच्या मागं!"

पंख्याच्या मुळाशी, दांड्याभोवती, बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती. बुड बुड बुड. मला इतका आनंद झाला की मी अण्णांच्या खांद्यावर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा. अण्णा म्हणाले, "सापडला!"

पिन काढून पंखा ओढून काढला. मागे दांड्यावर काहीतरी करकचून गुंडाळलेलं होतं. काळपट, घट्ट, वाटोळं. दत्तात्रयाने सुरीच्या टोकाने एक टोक सोडवलं आणि ओढत गेला. ओढतोय, ओढतोय. हातभर, मग पुरुषभर. नायलॉनचा दोरा. त्याच्यात अडकलेले पिवळे, चेंदामेंदा झालेले धागे.

मी ते चिमटीत घेऊन हुंगलं. मग मान वळवून माझ्या स्कूटरच्या हँडलकडे पाहिलं.

"झेंडू," मी म्हटलं.

मोटर घरी आल्यापासून एकच दसरा झाला होता आणि दसऱ्याला पूजा कोणी केली ते आम्ही सकाळीच ऐकलं होतं. दत्तात्रय आईकडे बघेना. अण्णा आकाशाकडे बघत होते. तोंड उघडलं ते लक्ष्मण भोयाने, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

"काकू, ह्यो दोरा माझ्या जाळ्याचा हाय. दसऱ्याला हारासाठी नेल्ता. म्हनला हुता, माघारी देते."

राधाबाईंचा चेहरा उतरला. खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला. "सुती दोरा पान्यात टिकत न्हाई म्हनून... देवाचा हार तुटू नये म्हनून ह्यो घेतला. पंख्याला घातला. ह्यानं दोरी वढली आन हार दिसंना. मला वाटलं, मुळामाईनं घेतला." त्या पदराने डोळे टिपायला लागल्या. "माझ्याच हातानं लेकाची सोयरीक..."

आत बघितलं तर दांड्याभोवती जे रबरी सील असतं, पाणी बाहेर आणि तेल आत ठेवणारं, त्याचा ओठ दोऱ्याने कापला गेला होता. लोक जाळ्याने मोटर बिघडवतात, गाळाने बिघडवतात. भक्तीने बिघडलेली मी तेवढी एकच पाहिली.

मला वाटलं अण्णा आता उठतील. ते उठलेही. राधाबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"रडू नका," ते म्हणाले. "आमच्या थोरल्या भावाने दसऱ्याला विहिरीवरच्या इंजिनाच्या चाकाला हार घातला आणि हँडल मारलं. हार सुटला तो थेट भटजींच्या तोंडावर बसला. भटजी आरती म्हणत होते, तोंड उघडं होतं."

"मंग?" राधाबाईंनी पदराआडून विचारलं.

"मग काय, झेंडू गिळला. दक्षिणा दुप्पट द्यावी लागली."

राधाबाई आधी फुसकन हसल्या आणि मग दगडावर बसूनच हसल्या. लक्ष्मण भोई हसला. मी त्या दिवशी इतकी हसले की माझ्या शाळेतल्या मुलींनी पाहिलं असतं तर माझा धाक त्याच क्षणी संपला असता.

पण सील? तसं सील राहुरीला मिळेलच असं नव्हतं, आणि ऊन कलायला लागलं होतं. दत्तात्रयाने तळहातावर घेतलेलं कापलेलं सील मी निरखलं. अशी रबरी कडी मी महिन्यापूर्वीच पाहिली होती. स्कूटरचं पुढचं चाक खोलून घेतलं तेव्हा.

मी ते मनात आणलं आणि लगेच मनातून काढलं. इतकी वर्षं थांबले होते मी तिच्यासाठी. मग सुमनचं ते "शिकवाल का?" आठवलं.

"पाना द्या," मी म्हटलं.

"ताई, नको!" दत्तात्रयाला कळलं. "तुम्ही घरी कशा जाल?"

"पाना."

चाक निघालं, सील निघालं, ग्रीस पुसलं. सीलवर मापाचे आकडे छापलेले असतात. दत्तात्रयाने एका हातात मोटरचं धरलं, दुसऱ्या हातात स्कूटरचं, आणि मोठ्याने वाचले. आकडे सारखे होते, एक ना एक.

"पत्रिका जुळली म्हणायची," अण्णा म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर घाईघाईने खोकले.

नवं सील ओठाला ग्रीस लावून बसवलं, वर लाकडाचा तुकडा ठेवून हलके हलके ठोकलं. तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही. आधी बुडबुड्यांची परीक्षा. एक नाही. मग मोटर बोटीला लावून काठाकाठाने बराच वेळ फिरवली, परत आणली, खालचा स्क्रू सैल करून पळीभर तेल घेतलं आणि विस्तवावर धरलं.

पळीतलं तेल गप्प बसलं.

दरम्यान आम्ही जेवलो होतो. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, आणि लक्ष्मण भोयाने दिलेले भाजलेले मासे. दोरा परत मिळाल्याच्या खुशीत. त्या दिवसाइतकं चविष्ट जेवण मी कुठल्याही हॉटेलात जेवले नाही, हात तेलाचे होते तरी.

आता प्रश्न माझ्या स्कूटरचा. पुढच्या चाकाचं ग्रीस बाहेर येऊन ब्रेकवर पसरलं तर ब्रेक लागत नाही, आणि ब्रेक नसलेलं वाहन मी चालवत नाही. तिला काठावर सोडवेना.

"बोटीत घ्या," दत्तात्रय म्हणाला. "घरी नेऊन ठेवतो. सील आणून बसवून देतो."

अशी आमची वरात निघाली. मधोमध स्कूटर, दोरांनी बांधलेली, हँडलवर वाळका झेंडू, पुढे राधाबाई, स्कूटरला धरून मी, मागे दत्तात्रय. अण्णा त्याच्या शेजारी बसले होते. मोटर गरजली. पाणी फाटलं. मी परत हसायला लागले. चिंच आली तेव्हा बोट हळू झाली आणि अण्णांनी हात लांब करून फांदीला हात लावला, देवळात पायरीला लावतात तसा.

आणि मग मला ऐकू आलं, "हे हँडल उजवीकडे केलं की बोट डावीकडे जाते काय हो?"

"व्हय, मामा. धरून बघा."

अण्णांनी धरलं. "मामा कोणाचा" म्हणाले नाहीत. बोट एकदम वळली, राधाबाई किंचाळल्या, स्कूटरचा हॉर्न माझ्या कोपराने वाजला आणि अण्णा ओरडले, "समोर कोणी नाही! वाजव! वाजव!" टोपी उडून पाण्यात गेली. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

घर पाहिलं. घर चांगलं होतं, बाग त्याहून चांगली. मोसंबी खाल्ली, चहा झाला, पेढे वाटले. खरं सांगायचं तर आम्हाला दोघांना कधी एकदा बोटीत परत बसतो असं झालं होतं. येताना अण्णांनी चिंचेला दोनदा वळसा घातला. "अटीत एकदा जायचं आणि एकदा यायचं होतं," मी म्हटलं. "अटीत वळसे मोजलेले नाहीत," ते म्हणाले. उतरल्यावर तेलाची पळी त्यांनी स्वतः तापवली.

धरणापासून राहुरीपर्यंत उसाच्या रिकाम्या गाडीतून आलो आणि तिथून एस. टी. तुम्ही जाल तेव्हा परतीची सोय आधी पाहून ठेवा. आमच्यासारखं हसत हसत बैलगाडीत बसायचं वय सगळ्यांचं नसतं. अण्णांचंही नव्हतं.

काय राहिलं म्हणाल, तर सुमनच्या घरी एक रीत राहिली. आज तिच्याकडे तिसरी मोटर आहे. दसऱ्याला तिचा हार वरच्या झाकणाला घालतात, सुती दोऱ्याचा, आणि पंख्याला फक्त हळदकुंकू. दोरी ओढण्याआधी घरातलं सगळ्यात वडील माणूस ओरडतं, "हार काढला का?" आणि सगळे ओरडतात, "काढला!" राधाबाई होत्या तोवर हा मान त्यांचा होता आणि त्या सगळ्यांत मोठ्याने ओरडत. सुमन पोहायला शिकली. अण्णा शिकले नाहीत, पण बोट सोडून दुसऱ्या वाटेने लेकीकडे कधी गेले नाहीत.

पण हे सगळं पुढचं. त्या रात्री आम्ही घरी आलो तेव्हा सुमन दारात उभी होती. तिने माझे काळे हात पाहिले, अण्णांचं उघडं डोकं पाहिलं, आमच्या मागे रिकामा रस्ता पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"ताई," ती कशीबशी म्हणाली, "स्कूटर कुठे आहे?"

मी तोंड उघडलं, पण अण्णांनी हात वर करून मला थांबवलं. चपला काढल्या. ओला कोट खुंटीला अडकवला.

"तुझ्या सासरी," ते म्हणाले.